पिवळ्या कडेची खिडकी

ते ओणमच्या आधी घडलं की नंतर, हे शूलपाणी वारियरना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. आपण केळ्याचे वेफर्स खात होतो एवढं त्यांना आठवतं. पण त्रिशूरच्या त्यांच्या घरात वेफर्स बारमाही असतात, त्यामुळे तो काही पुरावा नव्हे.

सुरुवात साधी होती. घरात कॉम्प्युटर एक आणि निवृत्त माणसं दोन. वारियर माष (जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवल्यावर बायकोसुद्धा माष, म्हणजे मास्तर, असंच म्हणते) दिवसभर त्यावर लेख लिहीत. बायकोला बसायचं असलं की त्यांच्या वीस खिडक्या बंद कराव्या लागत आणि मग माषचा चेहरा संध्याकाळपर्यंत पडलेला. बायको, म्हणजे तंकम टीचर, शाळेच्या प्रशिक्षणात लिनक्स शिकून आल्या होत्या. त्यांनी तोडगा काढला. माषचं खातं उघडं असतानाच, त्यांच्याच पडद्यावर, टीचर पासवर्ड देऊन आपल्या खिडक्या आपल्या नावाने उघडू लागल्या. माषच्या खिडक्यांची कड निळी, टीचरांची हिरवी. पडदा एक, चुली दोन; याच्या चुलीवर काय शिजतंय ते त्याला दिसत नसे.

एका दुपारी पडद्यावर पिवळ्या कडेची खिडकी होती. टीचर तिच्यात बघून हसत होत्या. माष जवळ येताच त्यांनी ती बंद केली आणि स्वयंपाकघरात गेल्या. माषनी हळूच ती पुन्हा उघडायला घेतली, तर तिने विचारलं, ‘वासुकुट्टनचा पासवर्ड?’

माषना एकच माणूस आठवला. टीचरांच्या शाळेत वासुदेवन नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. साठी उलटली तरी केस काळेभोर (माषच्या मते, बाटलीतून). गेल्याच महिन्यात येऊन ते टीचरांचं पायसम दोनदा मागून खाऊन गेले होते. वासुदेवनचा लाडाने वासुकुट्टन व्हायला कितीसा वेळ लागतो?

माषनी वासुकुट्टनचं फोल्डर उघडून पाहिलं. ‘तुम्हाला अधिकार नाही.’ स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर. मग त्याला समूळ काढूनच टाकावं म्हटलं, तर यंत्र म्हणालं, ‘प्रशासकाला विचारा.’ प्रशासक कोण, तेही त्यांनी पाहिलं. टीचर.

टीचर नारळ खवत होत्या.

“हा वासुकुट्टन कोण?” आवाज परीक्षकाचा ठेवायचा होता, निघाला तो नापास होणाऱ्या पोराचा.

“भेटला होय तुम्हाला?”

“कधीपासून आहे?”

“तुम्ही निवृत्त झालात तेव्हापासून. गरीब आहे हो. काही मागत नाही.”

“केस काळे आहेत त्याचे?”

टीचरांचा हात खवणीवरच थांबला. “माष, ताप आहे का तुम्हाला?”

“वासुदेवन मास्तरांना तू...”

“वासुदेवन मास्तरांना माउस कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नाही. चला, दाखवते.”

पिवळी खिडकी उघडली. आत गुडघेदुखीवरचे रामबाण उपाय होते, ‘दहा जणांना पाठवा’ होतं, नाचणारी गुलाबं होती. सगळं माषनीच पाठवलेलं.

“रोज सकाळी तुम्ही मला काय काय धाडता,” टीचर म्हणाल्या. “त्यातून एखादा व्हायरस शिरला तर नातवंडांच्या फोटोंसकट माझं सगळं जाईल. म्हणून या घरात कसलाही अधिकार नसलेला एक माणूस मी तयार केला. तुमचं सगळं तो उघडतो. बिघडलंच तर त्याचं बिघडेल.”

“लग्नाच्या वाढदिवसाची कविता पाठवली होती. तीसुद्धा?”

“ती तर आधी. संशयास्पद वाटली.”

“मग मघाशी हसत कशाला होतीस?”

“तीच वाचत होते.”

वासुदेवन मास्तरांवरचा राग माषनी मागे घेतला. वासुकुट्टनवरचा मात्र घेता येईना. आपला शब्द न् शब्द आधी त्याच्या हाती जातो आणि मग, पटला तर, बायकोकडे. हे काळ्या केसांपेक्षा वाईट होतं.

काही वर्षांनी यंत्र बदललं, तेव्हा मुलीने सगळ्यांची खाती नव्यावर नेली. प्रिंटरने आपल्याशी वैर धरलं आहे, अशी माषची तोवर समजूत होती. लेखाची प्रत हवी असली की ते टीचरांपुढे उभे राहत. त्या दिवशी धीर करून त्यांनी मुलीला नीट तपासायला लावलं. प्रिंट काढायची परवानगी टीचरांना होती. वासुकुट्टनलाही होती.