दिवाणखान्यातील दोन आणि पांच स्पीकरांची बखर

कानांस साक्षी ठेवून आणि घरच्या शांततेची आशा सोडून हकीकत लिहिली जाते ऐसी जे, दिवाणखान्याचे सुभ्यावर श्रीमंत घड्याळजी, म्हणजे घरचे सासरे, यांचा अंमल बहुत वर्षें, आणि त्यांचे पदरीं स्टीरिओचे दोन लाकडी स्पीकर, सख्ख्या भावांसारखे एकनिष्ठ. त्यांवर दंतवैद्य जावई यांणीं सराउंडचे पांच स्पीकरांनिशीं चाल केली, आणि तीन पुढें, दोन सोफ्याचे पाठीमागें ऐसे मोर्चे बांधून पैगाम धाडिला कीं, हरेल त्याचे स्पीकर माळ्यावर जातील. घड्याळजींनीं उलट कळविलें, संगीत समोरून ऐकावें, पाठीमागून बोलतो तो चहाडखोर. आम्हांस विचाराल तर दोघांचींही डोकीं फिरलीं होतीं.

न्याय देण्यास खासा सासूबाईसाहेब नेमिल्या, कारण वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवून त्यांचे कान तयार. परीक्षेस लावावयाची चकती, म्हणजे सीडी, तीही त्यांचीच. तरुणपणीं भर सभागृहांत त्यांणीं प्रथम एकटीनें वाजविलें, त्या मैफलीचें जुनें ध्वनिमुद्रण नव्यानें निघालें होतें, स्टीरिओंत एकवार, आणि सभागृहाचे मागील भिंतीवरील माइकांसुद्धां सराउंडमध्यें एकवार. आतां ह्याच मैफलीवरून घरांत जुना तंटा. घड्याळजी म्हणत, दुकान बंद करण्यास उशीर जाहला, सबब मागें दाराशीं उभा राहून ऐकिलें. सासूबाईसाहेब म्हणत, खुर्ची रिकामी होती, तुम्ही आलांच नाहीं. जगाचीं घड्याळें लावणारा स्वतः उशिरा, हें कोण मानील? पण घड्याळजींस तें शल्य बहुत सले.

मग सासूबाईसाहेबांचे डोळ्यांस रुमाल बांधिला आणि प्रथम स्टीरिओ सोडिला. व्हायोलिन डावीकडे, चेलो उजवीकडे, सूर कसे स्वच्छ, आणि बाईसाहेबांची मान डोलली, आणि घड्याळजींनीं मिशांस पीळ भरिला. मग सराउंड सोडिला, तों अवघें सभागृहच दिवाणखान्यांत उतरलें, आणि व्हायोलिन अगदीं हळू जाहलें तोंच सोफ्याचे पाठीमागून एक शिंक निघाली, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटीं एक लांबलचक "आई गं".

ऐसी शिंक त्रिभुवनांत एकाचीच. रोज सकाळीं दाढीचे वेळीं अवघें घर ती ऐकतें. जावयांचे हातांतून रिमोट गळाला. सासूबाईसाहेबांनीं रुमाल सोडिला, तो भिजला होता.

"म्हणजे तुम्ही खरंच आला होतात," त्या म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं मी काय वेगळं सांगत होतो?"

येणेंप्रमाणें सराउंडची फत्ते जाहली आणि घड्याळजींची शिकस्त जाहली, आणि शिकस्त खाऊन इतका खूष सरदार कोणी पाहिला नाहीं. आपले दोन्ही स्पीकर त्यांणीं आपल्याच हातें माळ्यावर चढविले, आणि उतरून जावयांस फर्माविलें कीं, चकती मागें घ्या. जावयांनीं पुसिलें, व्हायोलिन कोठून लावूं? त्यावर सासूबाईसाहेबांचा हुकूम जाहला कीं, व्हायोलिन राहूं द्या, आधीं शिंक लावा. ती लाविली, आणि उभयतां सोफ्यावर हात हातीं घेऊन ऐकती जाहलीं. फत्ते कोणाची म्हणावी तें वाचणारांनीं ठरवावें. आम्हीं ती येथें नोंदविली असे.