नळवाल्याची निसर्गसहल

बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा टीव्हीवर पियानो वाजत होता आणि पडद्यावर हळूहळू अक्षरं उमटत होती, ‘तिच्यासोबतचे रम्य क्षण’.

सोफ्यावर एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला मेहुणा आणि दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला घरधनी. तो धंद्याने प्लंबर. आळीत त्याला सगळे वायसर म्हणत, कारण कुठलाही बिघाड सांगा, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, “वायसर गेला असेल.” टीव्ही नवा होता. मेहुण्याने तो भिंतीवर बसवला होता आणि कुणी न सांगता वायसरचा फोन त्याला जोडूनही दिला होता.

“काही करायचं नाही, भावोजी. कंपनी तुमच्या फोनमधले फोटो आपोआप घेते, आपोआप सिनेमा बनवते.”

“फुकट?” सासूबाईंनी विचारलं.

“एकदम फुकट.”

“फुकट देणारा घरातलं काय बघून गेला, ते आधी बघावं,” असं म्हणून सासूबाईंनी चष्मा लावला.

सिनेमा सुरू झाला. वायसरला कामाचे फोटो काढून ठेवायची सवय होती. उद्या गिऱ्हाईक म्हणालं, ‘हे आधी असं नव्हतं,’ तर दाखवायला पुरावा हवा. तेच सगळे फोटो कंपनीच्या हाती लागले होते. सिंकखालून पाण्याची धार लागली होती, तिच्यावर अक्षरं आली, ‘धबधब्याच्या काठी’. बॅटरीच्या उजेडात ड्रेनेजचं चेंबर दिसलं, ‘गुहेतली भटकंती’. छताला पडलेला पिवळा डाग कंपनीला सूर्यास्त वाटला होता. आणि या साऱ्या निसर्गात पुन्हापुन्हा एक बाई दिसत होती. कपाळावर चष्मा चढवलेली. कुठे बोट दाखवून काही सांगत होती, कुठे बादली धरून खळखळून हसत होती. ते हसणं तर कंपनीने जवळ आणून, लांब नेऊन, परत जवळ आणून दाखवलं. शेवटी एक भलामोठा लाल बदाम आला आणि त्यात लिहिलं होतं, ‘तुमच्या आयुष्यातली खास व्यक्ती’.

बायकोने ट्रे टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आदळला. चहा वायसरच्या हातावर उडाला.

“कोण ही?”

“अगं, त्या लायब्ररीतल्या बाई. त्यांचं सिंक गळतं.”

“सिंक गळतं म्हणून माणूस असं हसतं?”

“त्या दिवशी नळ उसळला आणि पाणी माझ्या डोक्यावर आलं.”

“म्हणजे पाण्यात खेळत होतात!”

वायसरने घाईघाईने फोन उचलला. तिथे कंपनीने आधीच प्रश्न विचारून ठेवला होता, ‘ही तुमची जोडीदार आहे का?’ खाली दोन बटणं होती. एक ‘हो’ आणि दुसरं ‘नंतर विचारा’.

“अरे, ‘नाही’ कुठंय?”

“‘नाही’ नसतं, भावोजी,” मेहुणा म्हणाला. “‘नाही’ म्हणणारी माणसं कंपनीला परवडत नाहीत. ‘नंतर विचारा’ दाबा.”

“नंतर?” बायको कडाडली. “नंतर काय सांगायचं ठरवलंय?”

वायसर दचकला आणि चहाने ओला झालेला अंगठा बरोबर ‘हो’वर सटकला. टीव्हीवर रंगीत कागदांचा पाऊस पडला. ‘अभिनंदन! हा अल्बम तुमच्या जोडीदाराला आणि कुटुंबातल्या सर्वांना पाठवला आहे.’ सासूबाईंची पर्स वाजली. मेहुण्याचा खिसा वाजला. लगोलग वायसरचा फोन खणखणला. पलीकडे आत्या होती.

“मेल्या, दुसरं लग्न केलंस आणि आत्याला फोटोतून कळावं होय रे?”

“तसं नाही गं, तो नळाचा फोटो आहे.”

“मला नको शिकवू. चांगला धबधबा दिसतोय. आम्हाला कधी साधी बाग तरी दाखवलीस का?”

आत्याला कसंबसं आवरेपर्यंत मेहुण्याने ‘मदत’ नावाचं बटण शोधलं. कंपनीत माणसं म्हणे हजारो होती, पण फोनवर बोलायला त्यातलं एकही मोकळं नव्हतं. मधाळ आवाजात एक यंत्र बोलू लागलं, “नमस्कार! मी तुमची मैत्रीण.”

“आणखी एक!” बायको म्हणाली.

वायसर फोन तोंडाशी धरून ओरडला, “ती बाई माझी बायको नाही!”

“मी समजू शकते. नातं संपताना त्रास होतो. तुमचं मन हलकं करण्यासाठी शांत संगीत लावू का?”

“संगीत नको! माझी बायको इथे समोर उभी आहे!”

“छान! तुमच्या आवडत्या फोटोंमधून तिचा एक फोटो निवडा. मी लगेच दुरुस्ती करते.”

सुटकेचा नि:श्वास टाकून वायसर फोटो चाळू लागला. तोट्या आल्या, पाइप आले, फ्लशच्या टाक्या आल्या, गंजलेल्या जाळ्या आल्या. बायको काही येईना. शेवटी घरच्याच बेसिनचा एक फोटो सापडला. त्यात बायकोने बॅटरी धरली होती, म्हणून तिचा हात कोपरापर्यंत आला होता. म्हणजे फोटोत दोन एल्बो होते, एक पीव्हीसीचा आणि एक बायकोचा, आणि फोकस पीव्हीसीवर होता.

बायकोने तो फोटो पाहिला आणि स्वतःचं कोपर पदराखाली झाकून घेतलं. ती बोलत होती तोवर वायसरला धीर होता. आता तो सुटला. इतका वेळ खोट्या आरोपाला तो तोंड देत होता, आणि आता खरा सापडला होता.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात कपाळावर चष्मा चढवलेल्या लायब्ररीतल्या बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे, हातात फोन उगारून, त्यांचे यजमान. यजमान विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचे. चेहराही तसाच होता, सतत काहीतरी पडलंय असा.

“हे तुमचंच काम ना?” त्यांनी फोन वायसरच्या नाकासमोर धरला.

“साहेब, शपथेवर सांगतो, माझा काही दोष नाही. हे सगळं कंपनीने जुळवलं.”

“कंपनी कशाला? पुरावा डोळ्यांसमोर आहे! एका सिंकखाली इतक्या वेळा? आणि दर वेळी म्हणायचं, ‘आता पक्कं केलंय’? इतके दिवस मला वाटत होतं, एकदाच दुरुस्ती झाली!”

“मी यांना म्हटलं, सिनेमा बघा किती सुंदर झालाय,” बाई म्हणाल्या. “पण यांना त्यात फक्त गळती दिसली. मी दिसलेच नाही.”

“तुमच्या हातात कसब नाही, मिस्टर,” यजमान म्हणाले.

“थांबा!”

हा आवाज बायकोचा होता. पदर खोचून ती पुढे आली.

“माझ्या नवऱ्याला काय वाटेल ते बोला. मीही मघापासून बोलतेच आहे. पण त्यांच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. बसा इथे. दादा, लाव रे तो सिनेमा.”

मेहुण्याने मुकाट्याने सिनेमा लावला. पियानो वाजू लागला. बायको टीव्हीपाशी लाटणं घेऊन उभी राहिली.

“हे बघा, इथे पाणी जाळीखालून येतंय. आता पुढचा धबधबा. इथे जाळी कोरडी ठणठणीत, पाणी सांध्यातून. आणि इथे सिंकच्या मागची चीर. एक गळती तरी दुसऱ्यांदा दिसते का, दाखवा!”

यजमानांनी खिशातून घडीचं भिंग काढलं. “जरा मागे घ्या. हं. तो हसतानाचा फोटो मोठा करा. नाही, ही नको, बादलीच्या वरचं.”

सिनेमा परत लागला. मग आणखी एकदा लागला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “काही म्हणा, पेटी मात्र काळजाला हात घालते.” शेवटी यजमानांनी भिंग मिटलं.

“दुरुस्त्या ठीक आहेत. सिंकच मुळात भिकार आहे.”

“निवडलं कुणी?” बाईंनी विचारलं.

यजमान उठले. जाताना ते वायसरला हळूच म्हणाले, “नवीन सिंक बसवायला या. फोटो मात्र मी काढीन.”

मेहुणा आणि सासूबाईही त्यांच्यामागोमाग सटकले. घर शांत झालं. बायको आत गेली. बाहेर आली तेव्हा केस विंचरलेले होते, ठेवणीतली साडी होती. भिंतीला टेकून ती उभी राहिली.

“काढा,” ती म्हणाली. “कोपर सोडून बाकीची मी कशी दिसते, ते कळू दे त्या कंपनीला. आणि तुम्हालाही.”

वायसरने फोन धरला. एक पाऊल मागे गेला, वाकला, पडद्याकडे टक लावून पाहत राहिला. बराच वेळ झाला. बायकोच्या गालांवर लाली चढली.

“इतकं काय बघताय?” तिने लाजत विचारलं.

“अगं,” वायसर हळुवारपणे म्हणाला, “जरा बाजूला हो बघू. तुझ्यामागे भिंतीला ओल आलीय.”