आत्याबाईंचा पितळी लोटा

पोट कुणाचंही दुखो, आमच्या आत्याबाईंचं निदान एकच: "बेंबी सरकली." मग पोटावर पेटती पणती, पणतीवर पितळी लोटा पालथा. पणती विझायची, लोटा कातडीला घट्ट चिकटायचा. तो 'फट्' करून सुटला की म्हणायच्या, "जा, बसली जाग्यावर." लग्नाला निघाल्या तरी लोटा काखेत. पंगतीत कुणाची ना कुणाची सरकतेच म्हणून!

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बालविधवा बहीण. स्वातंत्र्यानंतर चारेक वर्षांनी मी दवनीवाड्याला सून होऊन आले, ती महाआळशी. धानाच्या रोवणीला चिखलात उतरायचं म्हटलं की माझी बेंबी हमखास सरकायची.

"निज वं पोरी. तुही बेंबी मोठी फिरस्ती हाये," म्हणत आत्याबाई लोटा लावायच्या. अख्खी दुपार माझ्या पोटावर हात ठेवून बसायच्या. मी पदराआड हसायची. फार हुशार होते ना मी!

पुढे त्यांचंच पोट दुखायला लागलं. जेवलं की दुखे, आठ दिवस थांबे, पुन्हा येई. त्या आपल्याच हातानं लोटा लावून घ्यायच्या. मी जावेच्या कानाशी लागले, "म्हातारी धान पाखडाचं टाळून राहिली." लबाडाला सगळे लबाडच दिसतात म्हणा. ताटात निम्मा भात उरू लागला. त्यांचं पोलकं मीच दोनदा आत घेतलं, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

वर्षानं त्यांना रक्ताची उलटी झाली, तेव्हा बंडी जुंपून गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "इतने दिन क्या किया?" आत्याबाईंनी गाठोड्यातून लोटा काढून दाखवला. डॉक्टर हसले नाहीत. पोटात गाठ होती. दुखणं फिरून फिरून येत होतं, अंग झडत होतं, तेव्हाच आणायला हवं होतं, म्हणाले. आता इलाज नाही.

आज माझ्या घरात कुणाचं पोट दुसऱ्यांदा दुखलं की मी आधी दवाखान्यात जायला चपला शोधते.

परतताना बंडीत मला राहवलं नाही. "आत्याबाई, माहं पोट कधी दुखलंच नाही वो."

"मालूम हाये."

"मंग लोटा काऊन लावत होत्या?"

बंडीत अंथरलेल्या धानाच्या तणसावर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "लेकराच्या पोटावर हात ठेवाले भेटे. मले कोठं होतं लेकरू?"

मी त्यांच्या कुशीला आडवी झाले. म्हटलं, "दुखून राहिलं, आत्याबाई."

त्यांनी लोटा मागितला नाही. नुसता हात ठेवला.