गजूचं इंग्रजी

गजूसमोर कोणी डिक्शनरी उघडली की तो उठून बाहेर जायचा. आम्ही वाशीमला एम.ए. इंग्रजी करत होतो, एकाच खोलीत राहायचो. "रोज सोप्या गोष्टींची पुस्तकं वाचा, अडलात तरी थांबू नका, शब्द आपोआप येतील," असं सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं. आम्ही ते ऐकलं. गजूनं ते मनावर घेतलं.

लायब्ररीतलं सोप्या कादंबऱ्यांचं कपाट त्यानं फस्त करत आणलं. एसटी स्टँडवर, मेसच्या रांगेत, दाढीला साबण लावलेला असतानाही पुस्तक हातात. मी एखादा शब्द शोधायला लागलो की उठता उठता म्हणायचा, "कायले त्याचं खानदान पाहून राह्यला? पोरगी देतं का त्याले? चारदा वाटंत भेटू दे, वयख होते."

ही ओळख कधी कधी फसायची. 'स्टबर्न' म्हणजे हट्टी. पण गजूला तो शब्द भेटला एका कादंबरीतल्या शेतकऱ्यापाशी, आणि तो शेतकरी शेवटी जिंकतो. शिक्षक दिनाला गजू माइकवर हात जोडून म्हणाला, "अवर सर इज व्हेरी स्टबर्न." हॉल हसत सुटला. सर म्हणाले, "घरीसुद्धा हेच म्हणतात." गजू खाली येऊन माझ्या कानाशी लागला, "पाह्य, त्यायच्या घरी बी मानतेत त्यायले."

शनिवारी मात्र पुस्तक पिशवीत टाकून तो रिठदला घरी जायचा. एकदा मीही सोबत गेलो. त्याची आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. हातपाय धुऊन गजू तिच्या उशाशी बसला आणि इंग्रजी पानावर बोट ठेवून थेट वऱ्हाडीत गोष्ट सांगू लागला. पुस्तकातली मार्था मथुराबाई झाली होती, बोटीवर गेलेला तिचा लेक मारुती. "मथुराबाई रोज समुंदराकडं डोये लावून बसे..." माय डोळे मिटून ऐकत होती.

ते पुस्तक मी वाचलं होतं. गजू पाणी प्यायला अंगणात आला तेव्हा मी हळूच विचारलं, "पुस्तकातली म्हातारी तर पोरगा यायच्या आधीच मरते ना?"

"मरते," तो म्हणाला, आणि रांजणावर झाकण नीट बसवू लागला.

आतून माय जड जिभेनं विचारत होती, "गजू, मंग? आला का रे तिचा पोरगा?"

गजू आत गेला. "बोट किनाऱ्याले लागून राह्यली, माय," तिच्या उशाशी बसत तो म्हणाला. "आता उतरते तो."