बाविस्कर नाना आणि पिठाची रेघ

बाविस्कर नाना कुणाशीही बोलण्याआधी जमिनीवर रेघ ओढतात. मैदानावर असले तर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीने, स्टाफरूममध्ये खडूने, आणि हातात काहीच नसलं तर बुटाच्या टोकाने. मग समोरच्याला म्हणतात, "रेघेच्या मागे उभे राहा. हां, आता बोला."

अमळनेरच्या आमच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले, तेव्हा माझंही असंच स्वागत झालं. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं, म्हणून गुपचूप मागे सरकले. मला मुळात लोकांपासून दोन पावलं लांब राहायला आवडतं. कुणीतरी स्वतः रेघ आखून ती सोय करून देतंय, याचं खरं तर बरं वाटलं.

नाना आमचे क्रीडाशिक्षक. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात बुटाच्याच नाडीला बांधलेली शिट्टी. त्यांना जगात मैदान सोडून काही दिसत नाही. पाण्याच्या माठाभोवती त्यांचं वर्तुळ, मुख्याध्यापक बाईंच्या स्कूटरभोवती त्यांचा चौकोन. गणिताचे महाजन सर एकदा म्हणाले, "नाना, एक दिवस माझ्या डोक्यावर मध्यरेषा माराल तुम्ही." नानांनी त्यांच्या डोक्याकडे नीट बघितलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "मारतो. जागा तर भरपूर शे."

त्यांचा आवडता शब्दप्रयोग म्हणजे "बठ्ठा मझार!" तास सुरू झाला की शिट्टी, आणि पाठोपाठ ही आरोळी. माझं शिक्षण धुळ्याच्या इंग्रजी शाळेत झालं. तिथे मराठी बोललं तरी बाई टोकायच्या, अहिराणी मी फक्त एसटी स्टँडवर ऐकलेली. त्यामुळे पहिले आठ दिवस मला ते एखाद्या खेळाडूचं नाव वाटत होतं. मग सातवी 'ब'च्या एका मुलीने दया येऊन सांगितलं, "मॅडम, बठ्ठा मझार म्हणजे सगळे आत."

ती मुलगी वैष्णवी. तिला जाड भिंगांतूनही समोरचं धूसरच दिसतं. पाचवीपासून तिच्या नावाने डॉक्टरांची चिठ्ठी होती, 'मैदानी खेळातून सूट'. खेळाच्या तासाला ती मैदानाच्या कडेला कडुनिंबाच्या पारावर बसायची. मीही वह्या तपासायला तिथेच बसायचे. आम्ही फारसं बोलायचो नाही. दोघींचं छान चाललं होतं.

नानांच्या ते डोळ्यांत खुपत होतं. एका सकाळी आम्ही पाहिलं, तर मैदानाची बाहेरची रेघ सरळ जाता जाता वळली होती, कडुनिंबाला पूर्ण वळसा घालून परत आली होती. पार मैदानात आला होता.

"सर, हे काय?" मी विचारलं.

"तुम्ही आत येत नाहीत, मॅडम. मग आतलंच मोठं केलं."

त्याच सुमाराला वरून फर्मान आलं, प्रत्येक विषयात मुलांकडून एक प्रकल्प करून घ्यायचा. महाजन सरांनी संधी साधली. खेळात कसला आलाय प्रकल्प, सातवी 'ब' गणितात कच्ची आहे, त्यांचे खेळाचे तास मला द्या, असं त्यांनी मुख्याध्यापक बाईंना सांगितलं. बाईंनी नानांना दीड महिना दिला. काही दाखवता आलं तर तास तुमचे, नाहीतर महाजन सरांचे.

नानांनी प्रकल्पाचा तक्ता स्वतः भरला. उद्दिष्ट: बठ्ठा मझार. कृती: पोरं करतील. निष्पत्ती: पाहू. बाईंनी तो माझ्याकडे पाठवला आणि खाली लिहिलं, 'कृपया याची तीन पानं करा.' अशी मी प्रकल्पात ओढली गेले.

प्रकल्प साधा होता. मुलांनी नवा खेळ बनवायचा. अट एकच, वर्गातल्या बेचाळीस जणांपैकी कुणीही बाहेर बसायचं नाही.

पहिल्या गटाने खो-खो थोडा फिरवून आणला.

"वैष्णवी काय करीन?" नानांनी विचारलं.

"ती गुण लिहील, सर."

"गुण लिखणं म्हणजे खेळणं नही. फाडा."

दुसऱ्या गटाने क्रिकेट आणलं. त्यात दम्याचा त्रास असलेल्या दोघांना पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं काम होतं. तेही फाडलं. तिसऱ्या गटाच्या खेळात ज्योत्स्ना टाळ्या वाजवणार होती. ज्योत्स्ना पिंपळनेरकडची, वसतिगृहात राहणारी. आपली बोली ऐकून पोरं हसतात म्हणून ती वर्गात तोंड उघडत नसे. नानांनी कागद परत दिला. "टाळ्या तर भिंतबी वाजवती, तिले हात राहते तर. पुढचा!"

मग त्यांनी मुलांना एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. प्रश्न एकच, तुला माझ्यापेक्षा चांगलं काय जमतं? काय जमत नाही हे विचारायला सक्त बंदी. बेचाळीस उत्तरं मी टाइप केली. दम्याच्या दोघांनी लिहिलं होतं, 'न हलता बसता येतं'. ज्योत्स्नाने लिहिलं होतं, 'डोंगराच्या पलीकडून गुरं बोलावता येतात'. आणि वैष्णवीने, 'कोण आलं ते पावलांच्या आवाजावरून ओळखता येतं'.

मुलांनी खरंखोटं करायला डोळ्यांना रुमाल बांधून तिच्याशी शर्यत लावली. एकेचाळीस मुलं एकमेकांवर आपटली. वैष्णवी चालत पलीकडे गेली आणि तिथे त्यांची वाट बघत उभी राहिली.

तिथून 'हाक' हा खेळ निघाला. सगळ्यांचे डोळे बांधलेले. मैदानाच्या टोकाला उभं राहून ज्योत्स्ना हाक मारणार, त्या दिशेने धावायचं. मध्ये काही जण न हलता उकिडवे बसणार आणि पावलांच्या आवाजावरून धावणाऱ्याला बाद करणार. रेघेबाहेर पाय पडला की बाद. ते बघायला नाना बाहेर, शिट्टी घेऊन. ज्योत्स्नाची पहिली हाक ऐकून ऑफिसातले शिपाई काका बाहेर आले, बाजारात काही झालं की काय म्हणून.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला आणि समजलं की शाळेतली फक्की संपली आहे. संपणारच. माठ, स्कूटर, पार, सगळीकडे तीच. नाना सायकलवर घरी गेले, एक पिशवी घेऊन आले आणि मैदान आखलं. इतकी शुभ्र, मऊ रेघ मी आधी पाहिली नव्हती.

बाई खुर्चीवर बसल्या. महाजन सर गणिताचं पुस्तक काखेत घेऊनच आले होते. खेळ सुरू झाला, रंगलाही, आणि मागच्या गल्लीतून सात-आठ बकऱ्या आल्या. त्यांनी रेघ हुंगली. मग एका टोकाकडून शिस्तीत चाटायला लागल्या.

बघायला आलेली पहिलीतली पोरं ओरडली, "नाना, बकऱ्या लाइन खाई ऱ्हायन्यात!"

ती रेघ ज्वारीच्या पिठाची होती.

नानांनी शिट्टी फुंकली. कुणी थांबेना. गेले कित्येक दिवस त्यांनीच शिकवलं होतं, हाकेशिवाय काही ऐकायचं नाही. नाना बकऱ्यांमागे धावले, बकऱ्या खेळात घुसल्या. बसलेल्या एकाने एका बकरीला बाद केलं. शेजारून वैष्णवी शांतपणे म्हणाली, "सोड तिले. चार पायनी शे, आपली नही."

बाई हसता हसता खुर्चीवरून उठल्या. महाजन सरांचं पुस्तक खाली पडलं.

पण मी नानांकडे बघत होते. चारी बाजूंची रेघ गेली होती. हातात शिट्टी घेऊन ते एक पाय पुढे, एक पाय मागे करत उभे होते. कुठे उभं राहायचं, हेच त्यांना कळत नव्हतं. तीस वर्षं ते रेघेबाहेर उभे राहून सगळ्यांना आत बोलवत होते. आता बाहेर उरलंच नव्हतं.

वैष्णवीने त्यांच्या बुटांचा आवाज ओळखला. चाचपडत आली, त्यांचं मनगट धरलं. "सर, आते भाईर शेच कोठे? बठ्ठा मझार."

"ये पोरी, सोड. मी पंच शे."

"पंचले बाहेर बसवणं म्हणजे खेळणं नही," ती म्हणाली, आणि पूर्ण वर्ग डोळे बांधलेल्या अवस्थेत हो म्हणून ओरडला.

रुमाल नव्हता. मी पुढे कधी गेले ते मला कळलं नाही. नानांच्या डोळ्यांवर माझा स्कार्फ बांधला आणि परत पाराकडे पळाले.

तीस वर्षं मैदान आखणारा माणूस त्या मैदानावर चार पावलं गेला आणि थेट महाजन सरांच्या अंगावर आपटला. मग टोकाकडून ज्योत्स्नाची हाक आली, लांबलचक, डोंगरातली. "नाऽऽना! इकडेऽऽ!"

नाना थबकले. मान वाकडी करून ऐकलं. आणि दोन्ही हात पुढे पसरून, लहान मुलासारखी पावलं टाकत त्या आवाजाकडे चालत गेले.

तास वाचले. बाईंनी निष्पत्तीच्या रकान्यात स्वतः सही केली. महाजन सर पुस्तक झटकत म्हणाले, "नाना, पुढच्या वेळी मलाही घ्या. बकऱ्यांपेक्षा बरा खेळेन."

संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर नाना स्कार्फ द्यायला आले. हातात ती पिशवी होती, तळाशी थोडं पीठ होतं.

मी स्वतःहून सहसा काही विचारत नाही. पण विचारलं, "सर, घरी एवढं पीठ?"

"दर महिन्याले उरतं," ते पिशवीची घडी घालत म्हणाले. "चक्कीवर गेलो की दोघांचंच दळण टाकतो. सवय शे. ती जाऊन दोन वर्षं झालीत... उरलेलं पुढे कडू पडतं. म्हटलं, आज तरी कामाले येईन."

मी म्हटलं, "सर, मला ज्वारीची भाकरी थापता येत नाही. खोलीवर डबाच खाते. रविवारी शिकवाल का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने त्यांच्या बुटाचं टोक पुढे आलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये मातीत एक रेघ ओढली गेली. मग त्याच बुटाने त्यांनी ती पुसली.

"हां, बेटा," ते म्हणाले. "आता बोल."