कौसल्याबाईंच्या वाकळा आणि ‘नांगरट’ची फत्ते

वर्तमान ऐसे जे, मौजे आष्टी, तालुके परतूर, येथे ‘ढेकूळ’ नामे रॉक बँडने आठ गाण्यांचा ‘नांगरट’ अल्बम काढण्याची मोहीम मांडिली, त्याची ही हकीकत. पदरचे काही घातले नाही.

गिटारवाले सरलष्कर भुजंगराव आणि ड्रमच्या सरदार तृप्तीबाई यांनी मसलत केली की, कापसाची पत्र्याची खोली हाच स्टुडिओ. परंतु पत्रा घुमतो, सबब भिंतींस वाकळा टांगाव्या. मग तृप्तीबाईंचे चुलते राजश्री कडूबा यांजकडे मागणे गेले. त्यांच्या पेटीत अकरा वाकळा होत्या, कुटुंब कौसल्याबाईंनी शिवलेल्या. बाई गतसाली वारल्या, तेव्हापासून पेटी उघडली नव्हती. कडूबांनी पेटी उघडली, परंतु अट घातली की, वाकळांच्या पहाऱ्यास आपण जातीने बसू.

शेतीची थ्री-फेज लाईट चारपर्यंतच. सात गाणी सर जाहली, आणि आठवे चालले, आणि मध्ये सर्व वाद्ये थांबायची जागा आली. कडूबा वाकळांच्या त्या ओळखीच्या वासात डोळे मिटून बसले होते. चहाची वेळ. सवयीने त्यांनी हाक दिली, “कौसल्ये, चहा टाक!” आणि उत्तरासाठी थांबले. तृप्तीबाईंचा ठोका हवेतच राहिला, मग पडला, आणि गाणे संपताच लाईट गेली. कडूबांनी हुकूम केला की गाण्यात शिरलेली हाक खोडावी. भुजंगराव म्हणाले, “बराबर हाय काका, बिलकुल खोडतो,” आणि गडबडीत न खोडलेलेच गाणे मुलूखभर सोडले.

पहिल्या दिवशी नऊ जणांनी ऐकिले, पैकी सात नातलग. पुढे आठ दिवसांत अंबडपासून हसनाबादेपर्यंत ट्रॅक्टर, जीप, सलून, जेथे तेथे “कौसल्ये, चहा टाक!” कडूबांनी बाहेर निघणे सोडले. गेलेल्या बाईचे नाव हसण्यावारी गेले, हे त्यांस सोसेना. मग निश्चय केला की, बाजारच्या दिवशी बँड वाजेल तेथे चढाई करोन गाणे कायमचे बंद पाडावे.

ते मंचावर चढले आणि नेमकी ती जागा आली आणि हजार गडी एका गळ्याने ओरडले. कडूबांनी माईक धरिला. “बंद करा हे! ती काही तुमच्या...”

तोच बायकांच्या बाजूने तुळजाबाई, तीस वर्षांच्या भिंतीला भिंत शेजारीण, पोत्यावर उभ्या राहून गरजल्या, “हात मोडले का तुमचे?”

बाजार थबकला. रोज दुपारी चारला कौसल्याबाईंचे हेच उत्तर असे, आणि ते त्या भिंतीखेरीज कोणास ठाऊक नव्हते. कडूबांच्या हातून माईक सुटला.

“काका, काकू हेच म्हणायची का?” तृप्तीबाईंनी पुसले.

“हेच. पण मंग लगेच टाकायची,” कडूबा म्हणाले, आणि त्यांस असे हसू फुटले की डोळे धोतराच्या सोग्याने पुसावे लागले. मग फर्मान सुटले: पुन्हा वाजवा! गाणे चार वेळा जाहले, गडी हाक देत आणि साऱ्या बायाबापड्या हात मोडीत.

येणेप्रमाणे ‘नांगरट’ची फत्ते जाहली. कडूबांनी घरी येऊन स्वहस्ते चहा टाकिला, आले अंमळ जास्त पडले, आणि त्यांचे दोन्ही हात शाबूत असल्याचे तुळजाबाईंनी भिंतीवरून पाहून कबूल केले.