उंबऱ्याबाहेरचं मटण

विजेवरची मशीन शेवग्याच्या झाडाखाली ठेवायची, खिडकीतनं वायर काढायची आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून चार-पाच तास बसायचं, असं करणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी दर रविवारी पाहते. आमच्या माळेगावात, माझ्या शेजारच्याच अंगणात. बबनतात्या त्यांचं नाव.

त्या मशीनचं नाव स्लो कुकर. तात्या तिला ‘सायब’ म्हणतात. “मास्तरीणबाई, सायबाला घाई चालत न्हाय. आपन आपलं टोपी काढून बसायचं.” आणि खरोखर टोपी काढून, मांडीवर ठेवून बसतात.

सायबाच्या पोटात मटण. त्याखाली बटाटे, गाजरं, अख्खे कांदे. वर वांगी आणि झाडाच्याच शेंगा. तात्यांचा हिशेब असा की कडक माल बुडाला, नाजूक माल वर. मी एकदा वांगी आधी टाका म्हटलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तात्या साखर कारखान्यात पॅनमन होते. म्हणजे उसाचा रस मोठ्या पॅनमध्ये आटवायचा, थेंबभर काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि साखरेचा दाणा धरला का ते बघायचं. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण काच सुटली नाही. मटणाच्या रश्श्याचा थेंब काचेवर घेतात, एक डोळा मिटून सूर्याकडं धरतात आणि सांगतात, “अजून दाना न्हाय धरला.” मटणात कसला दाणा आलाय डोंबलाचा! पण एवढं खरं, की तात्यांनी हो म्हटल्याशिवाय उतरवलेलं मटण कधी तसं लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मशीन घरात का नाही? तर हौसाकाकी, तात्यांची बायको, माहेराहूनच तुळशीची माळ घालून आलेली. मटण घरात शिरायचं नाही. तात्यांनी लग्नापासून ते अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, स्वतःच शिजवलं. काकी उंबऱ्याच्या आत, नाकाला पदर लावून बसायची आणि तिथनं हुकूम सोडायची.

“मीठ कमी हाय.”

“तू खाल्लंयस का कधी?”

“वासावरनं कळतंय की. टाका चिमूटभर.”

तात्या कुरकुरत टाकायचे, आणि मीठ नेमकं बसायचं. मी स्वतः खाल्लंय, उगाच सांगत नाही.

काकी गेली त्याला वर्ष होऊन गेलं. मटण अजून उंबरा ओलांडत नाही. तात्या रविवारी रांधतात, गल्लीत वाटतात आणि स्वतःला वाटीभर उरलं तर खातात. मीठ मात्र कधी कमी, कधी जास्त. मी एरवी फटकळ, पण यावर माझं तोंड उघडत नाही.

मशीन आणली लेकीनं, मंगलनं. तिला निमगाव केतकीला दिलीय. तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धूर बंद सांगितला, आणि तात्या आठव्या दिवशी चुलीत फुंकर मारताना सापडले. मंगलनं दगड उचलून ओढ्यात टाकले. “आबा, ह्यावर रांधायचं. जमत नसलं तर सामान बांधा, निमगावला चला. डोळा गेल्यावर कोन बघनार हाय तुमाला हितं?”

तात्या घाबरले. ते अंगण सोडून जायची त्यांची तयारी नव्हती. मशीनपुढं त्यांनी हात जोडले.

परवाच्या रविवारी मंगल जेवायला येणार होती. नऊला तात्यांनी बटण दाबलं आणि साडेनऊला लाईट गेली. साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. मी कुंपणावरून बघितलं, तर मटण गार आणि तात्या टोपी मांडीवर घेऊन शांत. माझंच डोकं फिरलं.

“अहो तात्या, मंगल आत्ता येईल! कच्चं मटण बघितलं की म्हणेल, जमत नाही तुम्हाला, चला निमगावला. द्या ते भांडं. माझ्या कुकरला चार शिट्ट्या काढते, कुणाला कळायचं नाही.”

मी भांडं उचललं. तात्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं.

“शिट्टी नगं, बाई,” ते म्हणाले. “चार शिट्ट्यांत मानूस बोलनार किती?”

मला कळेना. त्यांनी भांडं माझ्या हातातनं काढून घेतलं, परत ठेवलं.

“आमचं नवं लगीन. घरात आई, बा, भाऊ, भावजय. बायकोसंगं बोलताना दिसलं तर आख्खं घर हसायचं. त्यात माझी कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मग मीच टूम काढली, मटान म्हंजी हळू शिजाया पायजे. मी हितं, ती उंबऱ्यात. चार तास. मिठामिरचीचं बोलतोय म्हनून कोन कायबी म्हनत न्हवतं.”

“आणि कुणी कुकर आणला नाही?”

“आनला की! भावानं, कोराकरकरीत. पैल्याच रविवारी त्याची शिट्टी घावंना. सगळं घर धुंडाळलं. मी मनातनं खूश. दुसरी काय मी आनू दिली न्हाय. मला वाटायचं, देवच पावला.” तात्यांनी भांड्यावरचं झाकण नीट बसवलं. “वरीसश्राद्धाला तिची पातळं वाटाया ट्रंक उघडली. तळाला, लग्नाच्या शालूच्या घडीत, शिट्टी.”

त्यांनी टोपी चेहऱ्यावर दाबली. म्हातारा माणूस हमसून रडताना मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मलाही आवरेना.

मंगल कधी येऊन फाटकात उभी राहिली होती, आम्हाला कळलंच नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, झाडाखाली मातीतच बसली. मटणाकडं एकदा बघितलं.

“लाईट आल्यावर शिजू द्या, आबा,” ती म्हणाली. “मला न्हाय घाई.”

तात्यांनी डोळे पुसले आणि उघड्या दाराकडं बघत म्हणाले, “येवढी वरसं बोललो गं आमी. पन तिनंबी ह्यो डाव केलाय, ह्ये मला बोलली न्हाय, आन माझा मी तिला बोललो न्हाय. दोघंबी एकमेकाला फशिवलं म्हनून आपापलं खूश. आता कुनाला सांगू?”